मर्सोच्या ‘पुरुषपणा’वर निबंध कसा लिहावा

आल्बेर कामू यांच्या १९४२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द आउटसायडर’ या कादंबरीवर लिहायला बसलेले बहुतेक विद्यार्थी पहिल्याच परिच्छेदात तिचा नायक मर्सो याला ‘भावनाशून्य पुरुष’ ठरवून मोकळे होतात. मुळात हा निवाडा कादंबरीत एका अरबाच्या खुनासाठी मर्सोवर चालणाऱ्या खटल्यातल्या सरकारी वकिलाचा आहे आणि तो उसना घेतल्यावर निबंधात सांगण्यासारखे फारसे उरत नाही. म्हणून विशेषणे तूर्त बाजूला ठेवावीत आणि मर्सोला ‘पुरुष’ कोण, केव्हा आणि कशासाठी म्हणतो, याची नोंद करत कादंबरी पुन्हा वाचावी.

येथे मराठी वाचकाला एक अडचण येते, आणि खरे तर तीच त्याच्या उपयोगी पडते. मूळ फ्रेंचमधील ‘ओम’ या शब्दात माणूस आणि पुरुष हे दोन्ही अर्थ आहेत. मराठीत अनुवादकाला दोहोंपैकी एक निवडावा लागतो. त्यामुळे हातातल्या अनुवादात कोठे कोणता शब्द आला आहे, हे समासात लिहून ठेवावे.

पहिली नोंद पहिल्या भागाच्या तिसऱ्या प्रकरणात मिळते. शेजारी रेमों आपल्या मारामारीची हकिगत सांगतो. पुरुष असशील तर ट्रॅममधून खाली उतर, असे आव्हान त्याला मिळालेले असते. त्यानंतर लगेच तो मर्सोला म्हणतो की तू पुरुष आहेस, तुला जग ठाऊक आहे, तेव्हा मला मदत कर. ही मदत म्हणजे, ज्या बाईला त्याने मारहाण केली आहे तिला परत बोलावून तिचा अपमान करता यावा म्हणून लिहायचे पत्र. मर्सो ते लिहून देतो आणि पुढे पोलिसांसमोर रेमोंच्या बाजूने साक्षही देतो. स्वतः मर्सो कधी मर्दुमकी मिरवत नाही, पण त्याच्या अलिप्तपणामुळे रेमोंची मर्दुमकी निर्वेध चालते. या प्रसंगावर निबंधात सर्वांत जास्त जागा खर्च करावी. मार खाणाऱ्या बाईला आणि पुढे मर्सोच्या गोळ्यांना बळी पडणाऱ्या अरबाला, दोघांनाही कादंबरीत नाव नाही, हेही येथेच नोंदवावे. कादंबरी जेथे घडते त्या फ्रेंच वसाहतीतल्या अल्जिअर्स शहराचा संदर्भ सोडून केलेली मर्सोची मानसशास्त्रीय चर्चा मला नेहमीच अपुरी वाटते.

दुसरी नोंद खटल्यातली. खाणावळवाला सेलेस्त साक्षीत सांगतो की मर्सो ‘ओम’ आहे, आणि त्याचा अर्थ सर्वांनाच ठाऊक आहे. रेमोंच्या तोंडी जो शब्द सौद्याचा होता, तो येथे मायेचा होतो. ती साक्ष ऐकून, एखाद्या पुरुषाचे चुंबन घ्यावेसे आयुष्यात प्रथमच वाटले, असे मर्सो सांगतो. हे वाक्य निबंधात अवश्य उद्धृत करावे.

आता ‘पुरुष रडत नाही’ या समजुतीकडे वळावे. आपल्याकडे मुलाला ‘पुरुषासारखा पुरुष असून रडतोस काय’ असे विचारतात. मर्सोला मात्र आईच्या अंत्यविधीला न रडल्याचा जाब न्यायालयात द्यावा लागतो. पुरुषाने एरवी अश्रू गिळावेत आणि आईच्या अंत्यविधीला मात्र ते चारचौघांना दिसावेत, अशी ही दुहेरी अपेक्षा आहे. ती निबंधात स्पष्टपणे मांडावी.

विरोधी पुरावाही गोळा करावा. कुत्रा हरवलेला म्हातारा सालामानो भिंतीपलीकडे रडत असताना मर्सोला आईची आठवण येते, का ते त्याला कळत नाही, आणि तो न जेवता झोपतो. न्यायालयात इतके लोक आपला तिरस्कार करतात हे जाणवून त्याला रडावेसे वाटते. शेवटच्या प्रकरणात तर तो धर्मगुरूच्या झग्याची गळपट्टी धरून ओरडतो. हे तिन्ही प्रसंग लिहून झाले की पहिला मसुदा पुन्हा काढावा आणि ‘भावनाशून्य’ हा शब्द जेथे जेथे आला असेल तेथे तो कोणाच्या तोंडचा आहे, हे तपासून दुरुस्ती करावी.