डोळ्यातील स्टेरॉइड इम्प्लांट: आधी, त्या दिवशी आणि पुढचे दोन महिने

मधुमेहामुळे किंवा पडद्यातील शीर तुंबल्यामुळे डोळ्याच्या पडद्याला मध्यभागी सूज आली, किंवा युव्हायटिस (डोळ्याच्या आतील थराचा दाह) पुन्हा पुन्हा उलटू लागला, की पडद्याचे डॉक्टर काही रुग्णांना स्टेरॉइड इम्प्लांट सुचवतात. त्यातील डेक्सामेथासोनचे इम्प्लांट ०.७ मिलिग्रॅमचे असते. शेवयाच्या तुकड्यासारखी ही सहा मिलिमीटरची बारीक कांडी डोळ्यात हळूहळू औषध सोडते आणि स्वतःही विरघळून जाते, त्यामुळे ती काढावी लागत नाही. तिचा परिणाम दोन महिन्यांच्या सुमारास सर्वाधिक असतो आणि तीन-चार महिन्यांनंतर ओसरू लागतो. फ्लुओसिनोलोनचे इम्प्लांट मात्र तीन वर्षांपर्यंत चालते आणि विरघळत नाही; म्हणूनच आधीच्या स्टेरॉइडने डोळ्याचे प्रेशर फारसे वाढले नव्हते, याची खात्री करूनच ते बसवणे शहाणपणाचे.

तपासणीला जाताना जुनी फाइल सोबत न्यावी. काचबिंदू आहे का, स्टेरॉइडच्या थेंबांनी पूर्वी प्रेशर वाढले होते का, आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत भिंगामागची पिशवी फाटली होती का, हे डॉक्टरांना आपणहून सांगावे. पिशवी फाटलेली असल्यास कांडी पुढे सरकून बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला इजा करू शकते. डोळा चिकटत असेल किंवा लाल असेल, तर तारीख पुढे ढकलणेच योग्य.

प्रत्यक्ष काम काही मिनिटांचे असते. थेंबांनी डोळा बधिर करून पोव्हिडोन आयोडिनने धुतात आणि डोळ्याच्या पांढऱ्या भागातून कांडी आत सोडतात. त्या वेळी ‘टक्’ असा आवाज येतो, त्याने दचकू नये. घरी परतताना स्कूटर दुसऱ्या कोणी चालवावी. पुढे काही दिवस डोळ्यासमोर काळे ठिपके तरंगले तर सहसा घाबरण्याचे कारण नसते; परंतु दुखणे व लाली वाढत जाऊन दिसणे कमी झाले, तर सकाळची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. इंदूरकरांनी आणखी एक पथ्य पाळावे: तारीख रंगपंचमीच्या आसपासची असेल, तर यंदा गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, पाहायला राजवाड्यावर जाऊ नये. रंग आणि पाण्याचे फवारे तिथे कोणालाच सोडत नाहीत.

सगळ्यांत जास्त चुकते ती सहा ते आठ आठवड्यांनंतरची भेट. नेमके तेव्हाच दिसायला चांगले लागलेले असते, आणि काकू-आजोबांना दवाखान्यात नेण्याची घाई कोणालाच उरत नाही. परंतु प्रेशर वाढण्याचा काळही साधारण हाच असतो. वाढलेले प्रेशर बहुतेक वेळा दुखत नाही. ते मोजल्याशिवाय कळत नाही आणि वेळेत कळले, तर बहुतेकांचे थेंबांनी आटोक्यात येते. म्हणून ही तारीख इम्प्लांटच्या दिवशीच कॅलेंडरवर लिहून ठेवावी, आणि त्या भेटीत प्रेशरचा आकडा फाइलवर लिहून घ्यावा. दुसरे इम्प्लांट द्यायचे की नाही, हे ठरवताना डॉक्टर आधी तोच पाहतील. स्वतःचे भिंग शाबूत असलेल्यांनी मोतीबिंदू लवकर वाढण्याची शक्यताही तेव्हाच विचारून घ्यावी.