हायरोग्लिफ म्हणजे नुसती चित्रं नव्हेत: या चुका टाळा

इजिप्तच्या देवळांच्या भिंतींवरची घुबडं, साप, डोळे पाहिले की आपण 'चित्रलिपी' म्हणून मोकळे होतो. गोंधळ तिथूनच सुरू होतो. हायरोग्लिफ हा शब्द ग्रीक आहे. 'हिएरोस' म्हणजे पवित्र, 'ग्लिफेन' म्हणजे कोरणं. चित्राचा त्यात उल्लेखच नाही. खुद्द इजिप्तमधले लोक या लिपीला 'मेदू नेचेर', म्हणजे देवाची वचनं, म्हणत.

म्हणूनच पपायरसवर शाईने झरझर लिहिलेल्या प्रत्येक मजकुराला हायरोग्लिफ म्हणू नका. तो बऱ्याचदा हायरॅटिकमध्ये, म्हणजे याच लिपीच्या भरभर लिहायच्या रूपात, असतो. बाळबोध आणि मोडीत जसा फरक, तसाच काहीसा हा.

सर्वांत महागात पडलेली चूक म्हणजे चित्र पाहून अर्थ ठरवणं. होरापोलो या प्राचीन लेखकाच्या नावावरच्या ग्रीक ग्रंथात म्हटलं होतं की 'मुलगा' लिहायला हंसाच्या जातीचा पक्षी काढतात, कारण त्याची पिलांवर फार माया असते. अर्थ बरोबर, कारण साफ चूक! बदकाच्या त्या चिन्हाचा उच्चार आणि 'मुलगा' या शब्दाचा उच्चार जुळत होता, एवढंच. पण या रूपकांच्या नादात युरोपातले विद्वान शतकानुशतकं भरकटले.

१७९९मध्ये रोझेटा शिला सापडली. एकच राजाज्ञा हायरोग्लिफ, डेमोटिक (इजिप्तमधली रोजच्या व्यवहाराची लिपी) आणि ग्रीक अशा तीन लिप्यांत कोरलेली. तरीही कोडं सुटायला १८२२ उजाडलं. फ्रेंच अभ्यासक शाँपोल्योंला कॉप्टिक, म्हणजे प्राचीन इजिप्शियन भाषेचं शेवटचं रूप, उत्तम येत होती, आणि तीच कामी आली. एका राजनामात आधी सूर्याची चकती होती. कॉप्टिकमध्ये सूर्य म्हणजे 'रे'. शेवटी 'स'ची चिन्हं होती. मधलं चिन्ह 'म-स' धरलं आणि नाव उलगडलं: रामेसेस. सूर्य अख्ख्या शब्दासाठी आणि बाकीची चिन्हं ध्वनींसाठी! एकाच नावात दोन्ही रीती नांदतात, हे मला या लिपीचं खरं सौंदर्य वाटतं.

ओळ लागत नसेल तर आधी प्राण्यांची तोंडं पाहा. ती ज्या बाजूला वळलेली असतात, तिथून वाचायला सुरुवात करायची. तरीही नाव जुळत नसेल तर त्यात देव शोधा. तुतनखामूनच्या नावात 'आमून' उच्चारताना शेवटी येतो, पण लिहिताना मानाने पहिला.

स्वरांवर मात्र विसंबू नका. ही लिपी व्यंजनंच नोंदवते. 'सुंदर, चांगलं' यासाठीचा शब्द फक्त न-फ-र असा मिळतो. 'नेफेर'मधले एकार अभ्यासकांनी बोलण्याच्या सोयीसाठी घातलेले आहेत. त्यामुळे पर्यटकांना विकल्या जाणाऱ्या तक्त्यांत प्रत्येक इंग्रजी स्वरासमोर एकेक चिन्ह दिसतं, ती आजची सोय आहे, फेरोंच्या काळचं लेखन नव्हे.