काडतूस भरायला बसण्याआधी तराजू शिका

ट्रॅप किंवा स्कीट (हवेत उडवलेल्या मातीच्या चकत्यांवरची नेमबाजी) खेळताय आणि आता १२ गेजची (गेज म्हणजे नळीच्या व्यासाचं माप) शेल्स, म्हणजे छर्ऱ्यांची काडतुसं, घरीच भरायची ठरवलंय, अशांसाठी हे अमेरिकेतलं मार्गदर्शन. भारतात शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ प्रमाणे काडतुसं बनवायला परवाना लागतो, त्यामुळे तिथे हा उद्योग घरी करू नका.

प्रेस, म्हणजे शेल भरायचं हातयंत्र, एकेक शेल भरणारा घ्या, मेक (MEC) ६०० ज्युनिअरसारखा. भराभर शेल्स काढणारा प्रोग्रेसिव्ह प्रेस पहिल्या वर्षी नकोच. त्यात एक चूक झाली की ती कळेपर्यंत पुढची चार शेल्स भरून झालेली असतात. क्रम साधा आहे: जुना प्रायमर (बुडातली ठिणगी देणारी टोपी) काढून बूड मापात आणायचं, नवा २०९ नंबरचा प्रायमर बसवायचा, मग पावडर, वॉड (पावडर आणि छर्ऱ्यांमधली डाट), छर्रे, शेवटी दोन टप्प्यांत क्रिंप (शेलचं तोंड घड्या घालून बंद करणं). हे हाताला एका दुपारीत येतं.

घात होतो तो पावडरच्या वजनात.

बुशिंगच्या (प्रेसमधल्या पावडर मापायच्या नंबरी कड्याच्या) तक्त्यात नंबरासमोर जे वजन छापलेलं असतं, तो अंदाज असतो. बुशिंग पावडर आकारमानाने मापतं, तोलत नाही. पावडरचा लॉट, हवेतला दमटपणा, हँडल किती जोरात ओढता, प्रेसवरची पावडरची बाटली किती भरली आहे, या सगळ्याने वजन हलतं. म्हणून पहिल्या काही मापांची पावडर परत बाटलीत टाका. मग हँडलची पूर्ण फेरी करत, नेहमीच्याच लयीत, दहा मापं काढा आणि प्रत्येक वेगळं तोला. नुसता चार्ज बार (बुशिंग बसवलेली सरकती पट्टी) सरकवून काढलेलं माप खोटं येतं, कारण हँडलच्या धक्क्याने पावडर दबते आणि बुशिंगमध्ये जास्त मावते. बाटली अर्ध्याखाली जाऊ देऊ नका. नवा डबा उघडलात की हे सगळं पुन्हा.

तोलताना एकक बघा, पुन्हा बघा. लोड डेटा, म्हणजे पावडर उत्पादकाचा भरणीचा तक्ता, ग्रेनमध्ये असतो, ग्रॅममध्ये नाही. १ ग्रॅम म्हणजे १५.४३ ग्रेन. डिजिटल काट्याचं बटण चुकून दाबलं गेलं की एकक बदलतं, म्हणून बसल्याबसल्या आधी प्रमाणवजन ठेवून खात्री करा. आणि विकतच्या खोक्यावर ‘३ ड्रॅम’ दिसलं तर ते पावडरचं वजन समजू नका. बंदुकीच्या काळ्या दारूच्या जमान्यातल्या तुलनेचा तो आकडा आहे. ३ ड्रॅम म्हणजे सुमारे ८२ ग्रेन, आणि तेवढी आजची धूरविरहित पावडर भरली तर बंदूक फुटेल.

रेसिपी पावडर उत्पादकाच्या चालू डेटामधूनच घ्यायची. हल (शेलचं रिकामं कवच), प्रायमर, पावडर, वॉड, छर्ऱ्यांचं वजन, पाचही जसंच्या तसं. क्लबवरच्या जुन्या माणसाने चिठ्ठीवर लिहून दिलेला लोड, तो कितीही भला असला तरी, घेऊ नका. त्याच्याकडून क्रिंप बसवायला शिका, तिथे त्याचा हात सोन्याचा असतो. नुसता प्रायमर बदलला तरी दाब बदलतो.

वॉड बसवण्याआधी प्रत्येक शेलमध्ये टॉर्च मारून बघा. पावडर प्रेसच्या नळीत अडकली तर एक शेल कमी भरतं आणि पुढचं जास्त. मैदानावर फुसका बार निघाला तर लगेच थांबा, बंदूक रिकामी करा आणि तिच्या नळीतून आरपार बघा. वॉड आत अडकला असताना पुढची गोळी झाडली की नळी फाटते.

क्रिंपच्या मध्यात बारीक भोक राहिलं किंवा घडी आत खचली तर घाबरू नका, सगळ्यांचंच होतं. बहुतेक वेळा वॉडची उंची हलशी जुळत नसते. डेटामधला वॉड नीट वाचा. छर्रे शिशाचे आहेत, तेव्हा टेबलावर चहा-फराळ नको, उठल्यावर हात साबणाने धुवा. आणि २० गेजची पिवळी शेल्स त्या खोलीतही आणू नका: १२ च्या नळीत ती घसरून पुढे अडकतात आणि मागे १२ चं शेल बिनबोभाट बसतं.