मेलेल्या सुपर एटमधून डिजिटल व्हिडिओ

सुपर एट म्हणजे 8 मिमीच्या फिल्मवर चालणारा जुना घरगुती सिनेकॅमेरा. त्याच्या पोटात फिल्मच्या जागी डिजिटल सेन्सर बसवायचा आहे. पहिली गोष्ट, चालू कॅमेऱ्याला हात लावू नका. सुपर एटची फिल्म कोडॅक अजून बनवते. 50 फुटांचं एक कार्ट्रिज सेकंदाला 24 फ्रेमच्या वेगाने अडीच मिनिटांत संपतं, म्हणजे शौक महाग आहे. पण म्हणून धडधाकट यंत्राचा कोथळा काढायचं कारण नाही. आपल्याला हवा तो मोटर जळालेला, बॅटरीच्या कप्प्यात हिरवा थर चढलेला, पण लेन्स स्वच्छ असलेला कॅमेरा. असे कॅमेरे पुण्याच्या जुन्या बाजारात आणि मुंबईच्या चोर बाजारात अधूनमधून दिसतात. विकणाऱ्याला "चालतो का?" असं विचारूच नका, भाव वाढतो. झूम आणि फोकसच्या रिंगा फिरतात का बघा, लेन्स उजेडाकडे धरून आरपार बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे. कितीही स्वस्त मिळत असला तरी सोडून द्या.

माझा कॅमेरा कॅननचा ऑटो झूम 814 आहे. लेन्स 7.5 ते 60 मिमी, एफ 1.4. पुढचं सगळं त्याच्या अनुभवावरून लिहितोय. बाकी सुपर एटमध्ये फरक एकोणीस-वीसचा.

सेन्सर निवडताना आकड्यांकडे बघा. सुपर एटची फ्रेम 5.79 बाय 4.01 मिमी. सोनीचा आयएमएक्स 477, म्हणजे रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या (पुढे नुसतं 'पाय') एचक्यू कॅमेऱ्यातला सेन्सर, साधारण 6.29 बाय 4.71 मिमी. जवळजवळ तेवढाच, किंचित मोठा. पायचाच दुसऱ्या आवृत्तीचा स्वस्त कॅमेरा घेतलात तर त्याचा सेन्सर 3.68 मिमी रुंद. मग 7.5 मिमीची वाइड लेन्स 12 मिमीसारखी वागते आणि खोलीत चित्रीकरण करायची मजाच जाते. तिथे पैसे वाचवू नका.

बोर्ड मात्र जपून घ्या. मूळ एचक्यूचा बोर्ड 38 मिमी चौरस असतो, आणि सुपर एटचं कार्ट्रिज 25 मिमीच्या आसपास जाड. म्हणजे तो बोर्ड आत गेला तर दार लागणार नाही. हाच सेन्सर छोट्या, 24 बाय 25 मिमीच्या बोर्डावरही मिळतो, तो घ्या. ऑर्डर देण्याआधी त्या मापाचा पुठ्ठा कापून कार्ट्रिजच्या कप्प्यात गेटसमोर, म्हणजे फिल्मवर उजेड पडतो त्या खिडकीसमोर, उभा करून बघा आणि दार लावा. दार अडत असेल तर त्याच्या आतल्या बाजूची कार्ट्रिज दाबणारी स्प्रिंगची पट्टी काढा. सोबत रास्पबेरी पाय झीरो 2 डब्ल्यू लागेल. तो 65 बाय 30 मिमीचा आहे, त्यामुळे दाराला समांतर, आडवा झोपवायचा. मधे फिल्म गुंडाळणारी चाती येते, ती काढावी लागेल. झीरोचा कॅमेरा सॉकेट लहान असतो, म्हणून रिबन केबल खास झीरोचीच मागा.

उघडण्याआधी उजेड मोजणाऱ्या मीटरची बटणासारखी सेल बाहेर काढा. जुनी असेल तर त्यात पारा असू शकतो, तिची जागा ई-कचऱ्यात. हिरवा-पांढरा थर व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या कापसाने निघतो. कुजून चिकट झालेला फोम आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. स्क्रू काढाल तसे कागदावर कॅमेऱ्याचं चित्र काढून त्या-त्या जागी चिकटपट्टीने लावून ठेवा. दिसायला सारखे असले तरी लांबी वेगळी असते.

गेटच्या पुढे शटरचं पातं असतं. ते हाताने फिरवून गेट पूर्ण उघडं राहील असं थांबवा आणि ग्लू गनच्या एका थेंबाने पक्कं करा. मोटरच्या तारा तोडा. शटर फिरतं ठेवून चित्रीकरण करायचा मोह होतो, पण हा सेन्सर चित्र ओळीओळीने वाचतो, त्यामुळे पडद्यावर काळे पट्टे धावत राहतात. गेटची पत्रीही काढायची. कारण सेन्सरवर काच असते, आणि काच पत्रीला टेकली तरी प्रत्यक्ष सेन्सर फिल्मच्या जागेपेक्षा थोडा मागेच राहतो. पत्री स्क्रूवर असेल तर काम सोपं. ओतीव असेल तर कानस घ्या, आणि घासण्याआधी लेन्सची मागची बाजू टेपने झाका. डोळा लावून बघायच्या फाइंडरची काळजी नको. त्याचा उजेड प्रिझममधून शटरच्या आधीच फुटतो, म्हणून तो पूर्वीसारखा चालतो.

बोर्डावरचा प्लॅस्टिकचा लेन्स होल्डर काढलात की इन्फ्रारेड अडवणारा फिल्टरही बहुधा त्याच्यासोबत जातो. तो नसेल तर काळा सुती कुर्ता जांभळट दिसतो. सेन्सरवर काच चिकटवत बसण्यापेक्षा लेन्सच्या पुढे आटे बसतील असा यूव्ही-आयआर कट फिल्टर लावा. मधे काच घातली की फोकस सरकतो. पुढे लावली तर ती भानगड नाही.

आता खरं काम. इलेक्ट्रॉनिक्स कुणीही जोडेल, इथे मात्र चिकाटी लागते. एफ 1.4 ते 2 वर सेन्सर योग्य जागेपासून मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतका हलला तरी चित्र मऊ पडतं. म्हणून बोर्ड थेट चिकटवू नका. 2 मिमीच्या ॲल्युमिनियमच्या पट्टीवर बसवा आणि ती पट्टी तीन एम 2 स्क्रूंवर तोला. प्रत्येक स्क्रूखाली बॉलपेनच्या स्प्रिंगचा तुकडा घाला. एम 2 चा एक पूर्ण फेरा म्हणजे 0.4 मिमी, पाव फेरा 0.1 मिमी. शेवटची करामत पाव फेऱ्याच्याही आत असते. स्क्रूच्या डोक्यावर मार्करने रेघ मारून ठेवा, म्हणजे किती फिरवलं ते दिसतं.

पद्धत अशी. ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेडाचं छिद्र, पूर्ण उघडं. चित्र पायला जोडलेल्या पडद्यावर बघा. भिंतीवर वर्तमानपत्र लावा, मराठीच. मथळ्याची शिरोरेखा ही उत्तम चाचणी आहे, कारण आडवी रेघ जरा पसरली की लगेच कळतं. झूम 60 वर नेऊन फोकसच्या रिंगने रेघ टोकदार करा. मग रिंगला हात न लावता झूम 7.5 वर आणा. आता चित्र धूसर असेल तर ते फक्त स्क्रूंनी सुधारा, तिन्ही सारखे फिरवून. पुन्हा 60 वर रिंग, पुन्हा 7.5 वर स्क्रू. दोन्ही टोकांना चित्र टिकेपर्यंत हे चालू ठेवायचं. डाव्या कोपऱ्यातली अक्षरं धारदार आणि उजव्यातली मेणचट असतील तर सेन्सर तिरका आहे, एकच स्क्रू हलवा. पायचा कॅमेरा प्रोग्रॅम फोकसचा आकडा पडद्यावर दाखवू शकतो. तो वाढेल तशी धार वाढते, डोळे थकल्यावर त्याचाच आधार. शेवटी कॅमेऱ्याचा फाइंडर वापरून फोकस करा. फाइंडर आणि पडदा एकमत झाले की स्क्रूंवर नेलपॉलिश लावून टाका.

ट्रिगरचं बटण मूळचंच ठेवा, ते दाबण्यातच अर्धी मजा आहे. मोटरकडे जाणाऱ्या त्याच्या तारा तोडून पायच्या जीपीआयओ 17 या पिनला आणि ग्राउंडला सोल्डर करा. पायथनच्या चार-पाच ओळींत 'दाबलं की सुरू, पुन्हा दाबलं की बंद' होतं. दुसरं एक छोटं बटण जीपीआयओ 3 वर, पाय नीट बंद करायला. पायला वीज देणारी पॉवर बँक थेट उपटलीत तर कधीतरी मेमरी कार्ड दगा देणारच. पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड. बटणं, तारा, सगळं तिथे मिळतं.

सेटिंग. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणून घरात 25 फ्रेम आणि शटर 1/50. नाहीतर ट्यूबलाइट लुकलुकते. जुन्या घरगुती फिल्मची चाल हवी असेल तर दिवसा बाहेर 18 फ्रेम. कोपरे काळे दिसत असतील तर चारही बाजूंनी पाच-पाच टक्के कापा. उरलेलं चित्र जवळजवळ मूळ फ्रेमच्या मापाचं होतं आणि लेन्सचा कोनही परत मिळतो. कॅमेऱ्यावर बल्ब आणि सूर्य अशी खूण असलेली खिटी असते, ती कायम बल्बवर ठेवा. सूर्यावर नेली की आतला नारिंगी फिल्टर आड येतो, तो बल्बच्या उजेडासाठी बनलेली टंगस्टन फिल्म उन्हात वापरण्यासाठी होता. उन्हात उजेड कमी करणारा एनडी फिल्टर लावाच. एफ 16 पर्यंत दाबलंत तर इतक्या छोट्या सेन्सरवर चित्र विवर्तनाने मऊ होतं, एफ 4 च्या आसपास ही लेन्स खुलते. चित्र संपूर्ण काळं आलं तर घाबरू नका, पुढून लेन्समध्ये बघा. काही कॅमेऱ्यांत वीज तोडली की ॲपर्चर मिटतं. मग मीटरला सेल द्या आणि ॲपर्चर हाताने लावा.

आवाज येणार नाही. तो मोबाइलवर वेगळा घ्या आणि नंतर चित्राशी जुळवता यावा म्हणून प्रत्येक शॉटच्या सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा.