सराफ्यातल्या व्हिडिओची जीआयएफ करायचीय? आधी क्लिप नीट निवडा

इंदूरला सराफ्यात, म्हणजे रात्री खाऊगल्ली होणाऱ्या सराफ बाजारात, जोशींच्या दुकानासमोर दहीवड्याचा द्रोण हवेत उडवतात तो व्हिडिओ सगळेच काढतात, आणि खरं सांगते, जीआयएफसाठी (म्हणजे पुन्हापुन्हा फिरणारं, बिनआवाजाचं छोटं हलतं चित्र) याच्यापेक्षा भारी क्लिप नाही, कारण द्रोण हातातून सुटतो आणि परत हातातच येतो, म्हणजे सुरुवात-शेवट आपोआप जुळतात. ट्रिम करताना घाई नको, एकेक फ्रेम सरकवून बघा. द्रोण हातात आहे ती पहिली फ्रेम घ्या आणि तो परत तसाच हातात येतो त्याच्या एक फ्रेम आधी कापा. तीच फ्रेम दोन्हीकडे राहिली तर दर फेरीला बारीकसा अडखळतो.

रंगपंचमीच्या गेरची, म्हणजे रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीची, मात्र जीआयएफ करू नका प्लीज. हा 1987 सालचा फॉरमॅट आहे, एका फ्रेममध्ये फार तर 256 रंग, त्यामुळे राजवाड्यासमोरचा गुलालाचा ढग पट्टेपट्टे दिसतो, गर्दीत सगळंच हलत असतं म्हणून फाइल फुगते, आणि आवाज तर नसतोच, ढोल-ताशांशिवाय गेर कसली! ती व्हिडिओ म्हणूनच पाठवा.

शूट करताना मोबाइल कशाला तरी टेकवून धरा. मागचं दुकान, पाट्या जागच्या जागी राहिल्या तर साइज खूप वाचते. अंधारातला दाणेदारपणाही दर फ्रेमला बदलतो आणि साइज वाढवतो, तेव्हा बल्बच्या उजेडात उभे राहा.

एक्सपोर्टला ईझीजीआयएफची साइट पुरते. व्हिडिओ टाका, सुरुवात-शेवटाची वेळ भरा, रुंदी 480 पिक्सेल आणि फ्रेम रेट 10 (सेकंदाला 10 फ्रेम), पण द्रोण उडतानाचं 10 वर तुटक वाटतं तर तिथे 15 ठेवा. तरीही फाइल जड वाटली तर आधी रुंदी कमी करा, रंग सगळ्यात शेवटी. फोटोशॉपमध्ये करत असाल तर सेव्ह फॉर वेबमध्ये लूपिंगला फॉरएव्हर निवडायला विसरू नका, नाहीतर एकदाच फिरून थांबेल.

फॅमिली ग्रुपवर टाकायचं असेल तर एवढंही नको, व्हॉट्सॲपमध्येच व्हिडिओ निवडून 6 सेकंदांच्या आत कापला की जीआयएफचं बटण येतं. पण जाताना तो मुका एमपी४ व्हिडिओ म्हणूनच जातो, म्हणून कोणाला खरी जीआयएफ फाइल हवी असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा सरळ ईमेल करा. आणि इन्स्टाच्या पोस्टला जीआयएफ चालत नाही, तिथे त्याच क्लिपचा एमपी४ तीन-चारदा एकापुढे एक जोडून टाका.