कुंडीतला निशिगंध दुसऱ्या वर्षी फुलत नसेल तर गड्डा फोडा

पहिल्या वर्षी निशिगंधाने गच्ची घमघमली आणि दुसऱ्या वर्षी नुसती पात माजली, अशी तक्रार केली की लोक हटकून खत सुचवतात. कुणी डीएपीचे दाणे टाकायला सांगतं, कुणी केळीच्या सालींचं पाणी, कुणी उरलेली चहापत्ती. यातलं काहीही करू नका. नत्र वाढलं की पात आणखी माजते, फुलांचा दांडा काही येत नाही.

निशिगंधाचा एक कंद एकदाच दांडा देतो. मग त्याच्याभोवती पिल्लं धरतात आणि पुढची फुलं येतात ती या पिल्लांना. कुंडीत त्यांची दाटी झाली की कुणीच पोसत नाही, आणि बारीक राहिलेला कंद फुलत नाही. शेतकरी एकदा लावलेली गुलछडी (म्हणजे निशिगंधच) दोन-तीन वर्षं ठेवतात, कारण शेतात पिल्लांना पसरायला माती असते. कुंडीतला गड्डा मात्र दरवर्षी फोडावाच लागतो. मला सगळ्यात उशिरा उमगलेली पायरी हीच, म्हणून ती सविस्तर सांगते.

गड्डा फोडणे

फेब्रुवारीत पाणी कमी करत आणा आणि महिनाअखेरीस पूर्ण तोडा. पात पिवळी पडून आडवी होईपर्यंत कुंडीला हात लावू नका. हिरवी पात कापून कुंडी ‘स्वच्छ’ करण्याची अनेकांना सवय असते, ती सोडा. दांडा संपल्यावर हीच पात पिल्लांना पोसत असते.

पात वाळली की कुंडी उपडी करा, माती झटका आणि गड्डा हातानेच सोडवा. चाकू, खुरपं काही नको. कंदाला जखम झाली की पावसाळ्यात तिथूनच कूज शिरते.

आता तीन वाटे करा. ज्यांच्या मधोमध वाळक्या दांड्याचा खुंट दिसतो, ते फुलून गेलेले कंद. बहुतेक लोक चुकतात ते इथे, कारण गड्ड्यातला सगळ्यात जाडजूड कंद बऱ्याचदा हाच असतो आणि तो टाकवत नाही. तो बिनदिक्कत कंपोस्टमध्ये टाका. दुसरा वाटा टोकदार, घट्ट, मोठ्या सुपारीएवढ्या किंवा त्याहून मोठ्या कंदांचा. मधली रुंदी 2 सेंटिमीटरहून जास्त हवी. यंदाची फुलं हे देणार. उरलेल्या बारक्यांचा तिसरा वाटा. ते वेगळ्या कुंडीत दाट लावून वर्षभर पोसा. मोठ्यांच्या कुंडीत ‘असू देत’ म्हणून खुपसू नका, ते फक्त जागा आणि खत खातात.

निवडलेले कंद न धुता वर्तमानपत्रावर सावलीत पसरा. वारा हवा, ऊन नको. चार ते सहा आठवडे ते तसेच राहू द्या. हा विसावा मिळाला की कोंब जोमाने आणि एकसारखे येतात. काढल्या काढल्या लावलेले कंद बराच काळ मातीत नुसते पडून राहतात आणि माणूस धीर सोडून पाणी ओतत बसतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून तर कधीच ठेवू नका, बुरशी येते.

लावणी आणि पुढचं

एप्रिलअखेर ते मे ही लावणीची वेळ. 12 इंची कुंडीत चार कंद, टोक वर, साधारण 5 सेंटिमीटर खोल. माती निचऱ्याची हवी: पोयटा, कुजलेलं शेणखत आणि थोडी वाळू. नुसती काळी माती नको.

नवे कंद विकत घेत असाल तर वासासाठी सिंगल, म्हणजे एकेरी पाकळ्यांची जात घ्या. राहुरीच्या कृषी विद्यापीठाची ‘फुले रजनी’ किंवा बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या ‘शृंगार’ आणि ‘प्रज्वल’ या सिंगल जाती आहेत. ‘प्रज्वल’च्या कळ्यांवर हलकी गुलाबी झाक असते. त्याच संस्थेची ‘सुवासिनी’ डबल, म्हणजे दुहेरी पाकळ्यांची, तर ‘वैभव’ सेमी-डबल. त्या फुलदाणीत भरगच्च दिसतात, पण वास सिंगलचाच दरवळतो. हार आणि वेण्यांनाही सिंगलच लागते.

लावल्यावर एकदा भरपूर पाणी द्या, मग कोंब वर येईपर्यंत हात आवरा. बोटाच्या दोन पेरांपर्यंत माती कोरडी लागली तरच पाणी. पान नसलेला कंद फारसं पाणी ओढत नाही, ओल्या मातीत तो कुजतो. कोंब आल्यावर नेमाने पाणी, महिन्यातून एकदा मूठभर गांडूळखत, आणि रोज किमान सहा तास ऊन. खिडकीच्या अर्धवट उजेडात निशिगंध लावायचा हट्ट करू नका. कोकणात किंवा मुंबईत असाल तर मुसळधार पावसाच्या दिवसांत कुंडी पागोळीखालून हलवा आणि खालची ताटली काढून टाका.

लावणीपासून साधारण तीन महिन्यांत दांडे दिसू लागतात. फुलदाणीसाठी हवा असेल तर खालची दोन-तीन फुलं उमलल्यावर, सकाळी ऊन चढायच्या आत दांडा कापा. पाणी रोज बदला, दांड्याचं टोक दर वेळी थोडं तिरकं छाटा. कुंडीत उरलेल्या पातीला मात्र कात्री लावू नका.