नाशिकमध्ये घर बांधायचंय? नकाशा दाखल करण्याआधी हे तपासा

आर्किटेक्टकडून प्लॅन काढून घेण्याआधी महापालिकेच्या नगररचना विभागातून झोन दाखला (प्लॉट निवासी, शेती की इतर कुठल्या झोनमध्ये आहे ते सांगणारा) आणि भाग नकाशा (विकास आराखड्यातला तुमच्या प्लॉटभोवतीचा भाग) घ्या. प्लॉटवर सार्वजनिक वापरासाठी आरक्षण आहे का, डीपी रस्ता (विकास आराखड्यातला नियोजित रस्ता) प्लॉटला कुठे कापतो, ते त्यावर दिसतं.

सोबत सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड आणि भूमी अभिलेखचा मोजणी नकाशा हवा. बहुतेक प्रकरणं इथेच अडकतात: उताऱ्यावरचं क्षेत्र, मोजणीचं क्षेत्र आणि जागेवरचा ताबा जुळत नाही. साधारणपणे यातलं सर्वांत कमी क्षेत्रच चटईक्षेत्रासाठी, म्हणजे किती बांधकाम करता येईल त्या हिशोबासाठी, धरलं जातं, म्हणून मोजणी आधीच करून घ्या.

मग रस्ता. राज्याच्या २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार दाट वस्तीबाहेर ९ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर मूळ १.१० चटईक्षेत्र निर्देशांकच (प्लॉटच्या क्षेत्राच्या १.१० पट) मिळतो. प्रीमियम (शुल्क भरून मिळणारं जादा चटईक्षेत्र), टीडीआर (दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकाम हक्क) विसरा. रुंदी फीत लावून मोजा, दलालाच्या तोंडी आकड्यावर जाऊ नका.

गोदावरी किंवा नासर्डीकाठी प्लॉट असेल तर पूररेषा पाहाच. पूररेषा दोन असतात: नदीजवळची निळी आणि त्याबाहेरची, मोठ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत नवं बांधकाम नाही. निळ्या-लाल रेषांमध्ये जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर उंच लागतं, भरावाचा खर्च तेव्हाच धरा.

एवढं जुळलं की नोंदणीकृत आर्किटेक्टमार्फत ऑनलाइन प्रस्ताव टाका.